तीन छेद पंधरा

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. काखेत ही मोठी पुठ्ठ्याची फाईल. शाळेत वहीच्या मागच्या पानावर माझंच चित्र काढताना सापडला होता, तोच हा! आता तो आणि त्याचे तीन मित्र उस्मानपुऱ्यात एका भाड्याच्या शेडमध्ये छापचित्रं काढतात. तिथेच प्रदर्शनं, रविवारी मुलांचा वर्ग, बाहेरगावचा कुणी चित्रकार आला तर त्यालाही जागा. अनुदान नाही, पाठीशी कुणी शेटजी नाही. तीन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून चित्रं विकायला निघाला होता.

एक चित्र आवडलं. भडकल दरवाजा आणि त्याखाली अडकलेली रिक्षा. खाली पेन्सिलीने ३/१५.

"हे काय रे, पेपरातले मार्क?"

"पंधरा प्रतींपैकी तिसरी, बाई."

किंमत दीड हजार. मी म्हटलं, "अरे, झेरॉक्सचे दीड हजार? हजारात दे." त्याने निमूटपणे दिलं, चहा घेतला आणि गेला.

आठ दिवसांनी सहज त्या शेडवर गेले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. जस्ताच्या पत्र्यावर थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. मग रेघांत शाई चोळून भरायची, वरची कापडाने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून रुळाखालून सरकवायचा. एवढं केल्यावर एक प्रत! दुसऱ्या प्रतीला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. पंधरा झाल्या की पत्र्यावर रेघोट्या मारून तो बादच करतात. आणि मी याला झेरॉक्स म्हणाले.

आपल्या पिढीचा यात फारसा दोष नाही म्हणा. छापलेलं चित्र म्हणजे माहेरच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी, नाहीतर किराणा दुकानाचं कॅलेंडर. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला. देव घरोघरी पोचले, पण छापखाना कर्जात बुडाला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. म्हणजे स्वस्तात पुष्कळ विकलं की भागतंच, असंही नाही.

माझी बहीण बडोद्याला असते. तिथे १९९९ पासून 'छाप' नावाची कार्यशाळा आहे, गुलाममोहम्मद शेख वगैरे चित्रकारांनीच उभी केलेली. छपाईचं यंत्र एकेकट्याला परवडत नाही, ते सगळ्यांनी मिळून वापरायचं. बडोद्याला जमतं, तर अजिंठ्याच्या वाटेवरच्या आपल्या संभाजीनगरात चार मुलांची शेड का टिकू नये?

मला विचाराल तर देणगी देऊच नका, चित्र विकत घ्या. देणगी आली की पाटी येते, प्रमुख पाहुणे येतात, पुढच्या वर्षी "आमच्या भाच्याचं प्रदर्शन लावा" येतं. चित्र घेतलं की व्यवहार तिथेच संपला. पोरं मोकळी.

त्या पोरांशीही मी भांडून आले. चौघं सगळे पैसे भाड्यात घालत होते! म्हटलं, अर्धे जागेला, अर्धे ज्याचं चित्र त्याला, आणि हे कागदावर लिहून ठेवा. घरमालकाला वेळेवर आणि चित्रकाराला उरलं तर, ही कुठली रीत? तो म्हणाला, "बाई, जागाच गेली तर चित्रं कुठे काढणार?" त्याचंही खोटं नाही. पण घरी आई विचारतेच ना, महिन्याला काय आणतोस म्हणून.

"भिंतीवर जागाच नाही" असं आमचे नातेवाईक म्हणतात. पण सुकामेव्याचे डबे मात्र दर दिवाळीला चार घरं फिरून आमच्याकडेच परत येतात... असो.

राहिलेले पाचशे द्यायला गेले तर तो घेईना. म्हणून त्याच चित्राची सातवी प्रत घेतली, पूर्ण किमतीला. नागपूरची भाचेमंडळी हे वाचत असतील, तर वास्तुशांतीला आमच्याकडून काय येणार ते आता फुटलंच!