गावाला निघताय? आधी सोनं घराबाहेर काढा

शाळांना सुट्या लागल्या, लग्नसराई ऐन भरात आहे आणि सिडको-हडकोपासून सातारा-देवळाईपर्यंत गल्लोगल्ली दारांना कुलपं दिसू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगरकरांना कळकळीची विनंती आहे: बॅगा भरायला घेण्याआधी हे वाचा आणि यातलं जे आज करता येईल ते आजच करा.

15 मे 2025 ची पहाट आठवा. बजाजनगरमध्ये एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडला. कुटुंब अमेरिकेला गेलेलं होतं, पण घर मोकळं नव्हतं. चालक राखणीला होता. दरोडेखोरांनी पिस्तुलाच्या धाकावर त्याला बांधून घातलं आणि सुमारे साडेपाच किलो सोनं, 32 किलो चांदी घेऊन गेले. घरात माणूस झोपायला ठेवला म्हणजे काळजी मिटली, असं आपण सारेच धरून चालतो. पण घरात ऐवज ठेवून एकट्या माणसाला त्याच्यावर राखण बसवणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं आहे. तो माणूस चालक असो, भाचा असो की म्हातारे वडील.

किलोनं सोनं आपल्यातल्या फार थोड्यांकडे असतं. पण आईच्या पाटल्या, मुलीच्या लग्नासाठी भिशी लावून केलेला हार, हे तर घरोघरी आहे आणि ते कुठे असतं हेही घरोघरी सारखंच: कपाटातल्या लॉकरमध्ये, आणि किल्ली साड्यांच्या घडीखाली. तांदळाचा डबा आणि देवघरही चोराला नवीन नाही. म्हणून निघण्याआधी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ द्या. तिथेही डोळे उघडे असावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेतून चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच आहे. भाडं 3 हजार असेल तर 3 लाख. तरीही घरातल्या कपाटापेक्षा ती जागा कितीतरी बरी. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पावत्या जपा, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक लिहून ठेवा. उद्या चोर सापडला आणि मुद्देमाल परत मागायची वेळ आली, तर दागिना आपलाच हे दाखवायला हेच कामी येतं.

आता दाराकडे या. आपण हजार रुपयांचं कुलूप घेतो आणि ते लावतो कशाला? तीन छोट्या स्क्रूंवर तग धरलेल्या कोयंड्याला. चोर कुलपाला हातही लावत नाही. लोखंडी टॉमी कोयंड्यात अडकवून एक हिसका दिला की स्क्रू लाकडासकट उपटून येतात, कुलूप तसंच लटकत राहतं. सुताराला बोलावून कोयंडा आरपार बोल्टनं आणि आतून नटानं आवळून घ्या. शक्य असेल तर दाराला इंटरलॉक बसवा. बाहेरून कुलूप दिसलंच नाही, तर घर बंद आहे हेही पटकन कळत नाही. कूलरसाठी खिडकीचं ग्रिल कापलेलं असेल, तर ती जागा वेल्डिंगवाल्याकडून जाळी लावून बंद करून घ्या. कूलर बाजूला सरकवला की माणूस आरामात आत शिरतो. कॅमेरे असतील तर चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीशेजारी ठेवू नका, जाताना चोर तोही उचलून नेतात.

बंद घर स्वतःच बोलतं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली मोटार-पाइप घेऊन दारात असते आणि ज्या घरासमोर तेव्हाही सामसूम असते, ते ओळखायला वेगळी रेकी लागत नाही. शेजारच्या काकूंना सांगा, त्या दिवशी आमच्या नळाचं पाणी तुम्हीच घ्या. त्यांचीही सोय होईल, अंगणही ओलं दिसेल. पेपर आणि दूध बंद करा, पायरीवर रोज झाडू फिरेल असं बघा. दिवसाढवळ्या पेटलेला दिवा उलट चुगली करतो, त्यापेक्षा अंधार पडल्यावर आपोआप लागणारा बल्ब लावा. आणि केदारनाथचे फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका.

कुठे, किती दिवस जातोय, मागे कुणाला फोन करायचा, हे जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवा. संकोच करू नका. गस्तीवरच्या पोलिसाला बंद घर कुठलं हे माहीत असेल, तरच तो तिथे दोन मिनिटं थांबेल.

जे गावाला जाणार नाहीत, त्यांच्याकडे जास्त मागणं आहे. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर, अर्धवट बांधकामात अनोळखी माणसं घुटमळताना दिसली, तर विचारा. कुणी पत्ता विचारत बंद घराची चौकशी करत असेल, तर गाडीचा नंबर टिपून ठेवा. गच्चीवर झोपायला जाताना स्वतःचं खालचं दारही आतून नीट लावा. रात्री शेजारच्या दारावर खाटखूट ऐकू आली, तर एकट्यानं बाहेर धावू नका, टोळीकडे हत्यार असू शकतं. आतूनच 112 लावा, गल्लीतल्या चार घरांना फोन करा, सगळ्यांनी एकदम दिवे लावा आणि आरडाओरडा करा. चोर पळून गेले तरी पोलीस आणि ठसेतज्ज्ञ येईपर्यंत त्या घरातल्या कपाटाला, दाराला कुणालाही हात लावू देऊ नका.