सोडून दिलेले प्रश्न

भुसावळच्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावलं तर टेबलांवर रेल्वे भरती, पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीची पुस्तकं दिसतात. घराघरात कुणीतरी रेल्वेत असलेल्या या गावाला स्पर्धा परीक्षेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. त्याच रांगेत आता बीकॉम झालेली एखादी मुलगी, दीपनगर किंवा वरणगावहून येणारा एखादा इंजिनिअर एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना दिसतो. आजचा स्तंभ या मुलांसाठी आहे. शेजारच्या टेबलावरची अभ्यासाची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली, तर एका परीक्षेत ती तारून नेते आणि दुसरीत अंगाशी येते.

तारून नेते ती राज्याची एमबीए सीईटी. १५० मिनिटांत २०० प्रश्न: तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. नातेसंबंध, बैठकव्यवस्था, सांकेतिक भाषा, काळ-काम-वेग ही सगळी रेल्वे भरतीवाल्यांच्या हातात बसलेली प्रकरणं इथेही आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर दिलंच पाहिजे. मुंबईतली १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाची पुम्बा अशा संस्थांचं दार या परीक्षेने उघडतं. भुसावळच्या मुलांनी तिला बिचकण्याचं काहीच कारण नाही.

कॅटचं तंत्र मात्र उलटं आहे. आयआयएम घेतात त्या या परीक्षेत २०२४ साली दोन तासांत ६८ प्रश्न होते. वाचन, माहितीची मांडणी आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका भागाची वाचलेली मिनिटं दुसऱ्याला देता येत नाहीत. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण वजा. उत्तर स्वतः टाइप करायचं असतं अशा प्रश्नांना मात्र वजाबाकी नाही.

इथे थोडं गणित करू. सोयीसाठी सगळे प्रश्न पर्यायांचे धरा. एका मुलीने ३० प्रश्न सोडवले, त्यातले २६ बरोबर आले. तिचे गुण ७८ उणे ४, म्हणजे ७४. तिच्या मित्राने जीव तोडून ४८ सोडवले, ३० बरोबर आले. त्याचे ९० उणे १८, म्हणजे ७२. त्याची बरोबर उत्तरं चारने जास्त, तरी गुण दोनने कमी. मुलीने ३८ प्रश्नांना हातही लावला नव्हता. परीक्षेहून घरी येऊन तिने हे सांगितलं तर आईच्या काळजात धस्स होईल, हे मला माहीत आहे. आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पेपरात काहीही कोरं ठेवू नये, जमेल तेवढं लिहून यावं, मास्तर अर्धा गुण तरी देतात, हे पहिलीपासून आपण मुलांच्या मनावर बिंबवलेलं असतं. असं शिकलेल्या मुलाला पडद्यावरचा प्रश्न वाचून वीस सेकंदांत ‘हा माझा नाही’ म्हणून पुढे जाता येत नाही. तो त्यात अडकतो, सात मिनिटं घालवतो, हट्टाला पेटतो. हुशार मुलं जास्त अडकतात, कारण न सुटणारं गणित सोडून देणं त्यांना अपमानासारखं वाटतं.

म्हणून सराव परीक्षा दिल्यावर ‘किती आले?’ हे विचारून भागत नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिहायचं: येत नव्हता, येत होता पण घाईत चुकला, की हात लावायलाच नको होता? तिसऱ्या प्रकारचे प्रश्न मोजा. मी सांगतो, बहुतेकांचे गुण तिथेच गळतात. दोन तासांची सराव परीक्षा दिली तर हे तपासायला निदान तितकाच वेळ काढावा. आठवड्याला चार परीक्षा देऊन एकही न तपासणाऱ्यापेक्षा एकच देऊन ती उकलून पाहणारा पुढे जातो.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपल्याकडची मुलं गणिताची धास्ती घेतात. ते गणित दहावीच्या पुस्तकापासून फार लांब नाही आणि पडद्यावर साधा कॅल्क्युलेटरही मिळतो. जड जातं ते इंग्रजी वाचन. २०२४ च्या पहिल्या भागातल्या २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर होते, आणि असे उतारे मानववंशशास्त्र, पर्यावरण, तत्त्वज्ञान, अर्थकारण कुठलेही असू शकतात. मराठी माध्यमाचा मुलगा शब्दांच्या याद्या पाठ करायला बसतो. मला त्या याद्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. त्यापेक्षा रोज एक मोठा इंग्रजी लेख वाचावा आणि पुस्तक मिटून त्यातलं म्हणणं घरातल्या कुणाला तरी दोन वाक्यांत सांगावं, मराठीत, लेवा बोलीत, अहिराणीत, जी तोंडात असेल तिच्यात. लेखक कशाच्या बाजूने आहे आणि कुणाचं खोडतोय, एवढं सांगता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर शब्द कळले, लेख कळलेला नाही. आपल्या बोलीत अर्थ पकडता येणारा मुलगा इंग्रजीला घाबरत नाही, असा माझा विश्वास आहे.

मग पुण्याला जायचं की नाही? पालक हे हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: फक्त क्लाससाठी वर्षभर खोली करून राहू नये. शिकवणी आज फोनवरही मिळते. भुसावळात जे मिळत नाही ते वेगळं आहे: सोबत तयारी करणारी तीन-चार मुलं, आणि दोन तास कुणी न उठवता बसता येईल असा संगणक. फोनच्या पडद्यावर सराव करून थेट केंद्रावर जाणाऱ्या मुलाची नजर पहिल्या वीस मिनिटांत भिरभिरते. गावातल्या महाविद्यालयांकडे संगणक कक्ष आहेत. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात दर रविवारी सकाळी एक कक्ष माजी विद्यार्थ्यांसकट सगळ्यांना उघडा ठेवावा. एक शिपाई, एक शिक्षक आणि वीज, एवढाच खर्च. प्राचार्यांनी हे मनावर घ्यावं.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. २०२४ साली कॅटला सुमारे २.९३ लाख जण बसले. ९० पर्सेंटाइल मिळालेल्याच्या पुढे त्यात जवळपास २९ हजार जण होते, ९९ वाल्याच्या पुढेही तीन हजारांच्या आसपास. पेढे जरूर वाटा, पण पुढचे अर्ज करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरी, कागदांची. आयआयएममध्ये ओबीसींना २७ टक्के जागा आहेत, पण नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला राज्याचा दाखला तिथे चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहावं. कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात. दाखल्यासाठी जूनमध्येच सेतूत जावं, शेवटच्या आठवड्यात रडवेलं होऊ नये. परीक्षा शुल्कातली सवलत अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांनाच आहे. ओबीसींना पूर्ण भरावं लागतं. २०२४ साली ते २,५०० रुपये होतं. केळीच्या पट्टीवर घर चालणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही, आणि या नियमाचा फेरविचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

लेखीनंतर मुलाखत असते. तिथे आपली मुलं गप्प होतात, कारण मोठ्या शहरातल्या मुलांसारखं आपल्याकडे सांगण्याजोगं काही नाही असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या मुलाने बऱ्हाणपूरच्या बाजारभावावर बापाला घासाघीस करताना पाहिलेलं असतं. भाव पडल्यावर घड तसाच उभा ठेवायचा की काढायचा, हा निर्णय घरात रात्री कसा होतो हे त्याला ठाऊक असतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर बांधावरच्या भावात काय बदललं आणि काय नाही, हे त्याने घरच्या पट्ट्या काढून, वर्षवार लिहून काढावं. काका, काकू, गावातला व्यापारी, ट्रकवाला, ज्याला विचारता येईल त्याला विचारावं. मुलाखतीची ही तयारी नोव्हेंबरपर्यंत थांबवायची गरज नाही. या रविवारपासून वही घालता येईल.