हेदर मी कधी हुंगलेलं नाही

माझ्याकडे एक जाड वही आहे. गेल्या अकरा वर्षांत चाखलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कींची आणि वापरलेल्या दाढीच्या साबणांची नोंद मी तीत ठेवत आलो आहे. पुढच्या बाजूनं व्हिस्की, मागच्या बाजूनं साबण. मागच्या पावसाळ्यात आजारपणामुळे दोन्ही शौक महिनाभर बंद होते, तेव्हा ती वही सलग वाचून काढली. 'हेदर' हा शब्द एकतीस वेळा आला होता. 'टॉफी ॲपल' चौदा वेळा. 'ख्रिसमस केक' मोजायचा कंटाळा आला. साबणांच्या बाजूला 'फुजेर' आणि 'ओकमॉस' यांची रेलचेल.

हेदर हे स्कॉटलंडच्या माळरानांवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप, एवढं मला ठाऊक आहे. ते मी कधी हुंगलेलं नाही. टॉफी ॲपल कधी खाल्लेलं नाही. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावरचं दगडफूल, हे शब्दकोशात बघावं लागलं. थोडक्यात, अकरा वर्षं मी खोटं लिहीत होतो, आणि तेही स्वतःच्या वहीत, जिथं कुणाला फसवायचं कारण नव्हतं.

हा लेख त्या खोटेपणाविरुद्ध आहे. तो माझ्या एकट्याचा असता तर वही रद्दीत घालून मोकळा झालो असतो. पण मी बंगळुरात राहतो, आणि महिन्यातून एकदा आम्ही सहा जण एकत्र बसतो. त्यात कन्नड आहेत, बंगाली आहे, मल्याळी आहे, मी मराठी आहे. राजकारण, क्रिकेट, मुलांची लग्नं या सगळ्यावर आम्ही आपापल्या भाषेची फोडणी दिलेल्या हिंदी-इंग्रजीत यथेच्छ भांडतो. ग्लास नाकाशी गेला की मात्र सगळ्यांची एकच भाषा होते. ती आमच्यापैकी कुणाचीच नसते. ती बाटलीवरच्या लेबलाची असते.

मला जाग आणली ती आईनं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आयुष्यात दारूला शिवलेली नाही. एका संध्याकाळी माझ्या हातात आयला बेटावरची धुरकट व्हिस्की होती. आई शेजारी येऊन बसली, नाक वर केलं आणि म्हणाली, "अरे, हा बंबाच्या धुराचा वास कुठून येतोय? आणि कुणीतरी नुकतंच फिनेल टाकून मोरी धुतल्यासारखा?"

मी वहीत लिहिलं होतं: 'पीट, आयोडीन, सागरी'.

आता कोण अचूक होतं ते पाहू. या व्हिस्कीसाठी सातू भिजवून मोड आणतात आणि तो भट्टीत पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या वनस्पतींच्या थराच्या, धुरावर वाळवतात. धुरातले फिनॉल जातीचे पदार्थ दाण्याला चिकटतात आणि शेवटपर्यंत टिकतात. फिनेल हे नावच त्या कुळातलं. आईला रसायनशास्त्र येत नाही, पण तिच्या नाकानं धूर आणि फिनॉल दोन्ही ओळखले, आणि ते दोन साध्या वाक्यांत सांगितले. मला अकरा वर्षांत जमलं नव्हतं ते.

आपण असे मुके का झालो? माझा आरोप मराठीवरही आहे. आपल्या साहित्यात प्याला उचलला की तो सुधाकराचाच प्याला होतो. गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहिलं ते खरंच होतं. दारूनं घरं बुडतात, मी स्वतः दोन बुडताना पाहिली आहेत, आणि हा लेख वाचून कुणी बाटली उघडावी अशी माझी इच्छा नाही. पण सुधाकराची शोकांतिका आणि तळीरामाचे विनोद यांच्या मधली जागा आपण रिकामी ठेवली. सरकारनंही तेच केलं. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला १९४९ च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो प्रकृती सांभाळण्यासाठी म्हणून मिळतो. म्हणजे मराठीत दारू प्यायची तर एक तर नाटकात मरायचं, नाही तर कागदोपत्री आजारी असायचं. सावकाश, तासभर एकच पेग घेऊन बसलेल्या आणि त्यात काय काय सापडतं ते बघणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत खुर्चीच नाही. मग तो इंग्रजीत जाऊन बसतो.

दाढीच्या साबणाला तर एवढीही बदनामी मिळाली नाही. तो केवळ बायकी हौस ठरला. पुरुषानं पाच मिनिटांत ओरबाडून कामाला लागावं, फेस कसला करत बसायचा!

इथं कुणी म्हणेल, स्कॉच त्यांची, शब्दही त्यांचेच असणार. या युक्तिवादात अर्धं सत्य आहे आणि उरलेलं अर्धं आपण कधी पाहिलंच नाही. स्कॉटलंडचा माणूस हेदर म्हणतो, कारण दार उघडलं की समोर हेदर आहे. तो खारवून धुरावलेला मासा म्हणतो, कारण न्याहारीला तो असतो. तो समुद्रशेवाळ म्हणतो, कारण त्याच्या चपलेला ते चिकटतं. 'व्हिस्की' हा शब्दसुद्धा गेलिकमधल्या 'जीवनाचं पाणी' अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. त्यांनी ग्लासात नाक घातलं आणि आपल्या घरातल्या वस्तूंची नावं घेतली. आपण त्यांची ही रीत उचलायला हवी होती. आपण त्यांची उत्तरं उतरवून घेतली. शेजारच्या मुलाची वही बघून गणित लिहावं, आणि त्याच्या घरचा पत्ताही आपला म्हणून लिहावा, तसं झालं.

आणि नाव बदललं तरी पदार्थ तोच राहतो, ही यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. पुष्कळ व्हिस्कींच्या वर्णनात 'पेअर ड्रॉप्स' येतात. ही ब्रिटनमधल्या मुलांची गोळी. तिच्या वासातला एक मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट, आणि हाच घटक पिकलेल्या केळ्याच्या वासात असतो. फळीवर केळ्याचा घड पिकत असलेल्या घरात वाढलेल्या माणसानं पेअर ड्रॉप्स कशाला लिहावं? अमेरिकन ओकच्या लाकडातून खोबऱ्याचा वास येतो, त्याच लाकडातल्या युजेनॉलमुळे लवंग येते. जुन्या शेरी वाइनमध्ये सोटोलॉन नावाचा पदार्थ सापडतो, आणि मेथीच्या दाण्यालाही त्याचाच वास असतो. शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत मला मेथीचे लाडू आठवायचे. ते मी अकरा वर्षं लाजून लिहिलं नाही. लाजण्यासारखं काय होतं त्यात?

साबणांची गोष्ट याहून मजेशीर. 'फुजेर' म्हणजे फ्रेंचमध्ये नेचे. १८८२ साली उबिगाँ या पॅरिसच्या अत्तरघराण्यानं 'फुजेर रॉयाल' आणलं, तेव्हापासून पुरुषांच्या साबणांत हा घराणेदार वास ठाण मांडून आहे. आता गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वासच नाही. तो कल्पनेतला वास होता, आणि त्याचा कणा होता कुमारिन हा पदार्थ, ज्याचा वास नुकत्या कापून वाळत टाकलेल्या गवतासारखा येतो. दसऱ्यानंतर गवताची कापणी झालेल्या कुठल्याही माळावर उभं राहिलं की हा वास फुकट मिळतो. माझ्या वहीत मात्र पॅरिसचं नेचं. तसाच दुसरा शब्द 'वेटिव्हर'. तमिळमधल्या 'वेट्टिवेर'वरून तो फ्रेंचमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला, आणि साबणाच्या डबीवर बसून महागडा होऊन परत आला. आमच्या माठात उन्हाळाभर वाळ्याची जुडी असायची. मी वाळ्याला वेटिव्हर म्हणत होतो, आणि वर तो 'मातकट पण परिष्कृत' आहे असं लिहीत होतो.

उसन्या शब्दांनी नुसती नोंद बिघडत नाही, हातातलं कामही बिघडतं. परदेशी मार्गदर्शकाप्रमाणे ब्रश तीस सेकंद फिरवला तरी माझा फेस दोन मिनिटांत बसायचा. मी ब्रश बदलला, साबण बदलला, पैसे घालवले. मग आठवलं, सातवी-आठवीच्या विज्ञानात एक शब्द होता: दुष्फेन पाणी. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेलं, फेस न होऊ देणारं पाणी. टँकरनं येणारं बोअरवेलचं पाणी तसंच असतं. क्षार साबणाशी जुळून साका धरतात आणि फेस मरतो. इंग्रजीत त्याला नुसतं 'हार्ड' म्हणतात. मराठीनं थेट फेसावर बोट ठेवलं होतं. उत्तर माझ्याच भाषेत शाळेपासून पडून होतं. आता मी दाढीपुरतं गाळणीचं पाणी वेगळं ठेवतो आणि साबणाची वडी थोडी जास्त घासतो. फेस दह्यासारखा उभा राहतो.

व्हिस्कीतही तेच. 'बारा वर्षांची' या शब्दांपुढे आम्ही वर्षानुवर्षं मान तुकवली. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के उडतं; त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरात हाच वाटा दहा ते बारा टक्के आहे. दहा वर्षं थांबलात तर पिंपात जेमतेम तिसरा हिस्सा उरेल. उष्णतेत लाकूड आणि मद्य यांची देवघेवही झपाट्यानं होते. तरी इथली बाटली समोर आली की आमच्यातला कुणीतरी विचारायचाच, "एवढीशी? वय किती?" स्कॉटलंडचं पंचांग घेऊन आम्ही बंगळुरातला उन्हाळा मोजत होतो. 'अमृत'ची सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत विकायला गेली. एका इंग्रज समीक्षकानं आपल्या पुस्तकाच्या २०१० च्या आवृत्तीत त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरी ठरवलं. ती माझ्या राहत्या शहरात होते, आणि मी ती पहिल्यांदा चाखली ती ही बातमी इंग्रजीत वाचल्यावर. आधी कान उसने होते, मग जीभ.

माझ्या भूमिकेवर दोन आक्षेप आले आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की समान शब्दांशिवाय चर्चा होणार कशी? स्कॉच उद्योगातल्या संशोधकांनी १९७९ मध्ये वासांचं एक चक्र तयार केलं ते याचसाठी. कारखान्यात दोष पकडायचा तर सगळ्यांना एकच शब्द हवा. कबूल. पण आम्ही कारखाना चालवत नाही. आम्ही सहा मित्र आहोत, आणि मित्रांना एकमेकांना विचारायची सोय असते.

दुसरा आक्षेप असा की हे बंबाचं गाणं म्हणजे निव्वळ गतकातरता. माझ्या मुलीनं बंब पाहिलेला नाही. खरं आहे. मग तिनं बंब लिहू नये! तिला त्या धुरात मेट्रोच्या फलाटाचा वास आला तर तिनं तो लिहावा. तिनं बंब लिहिला तर तिचा बंब माझ्या हेदरइतकाच खोटा. मराठी शब्द वापरा असं माझं म्हणणंच नाही. जे तुम्ही खरोखर हुंगलं आहे तेवढंच लिहा, आणि ते ज्या भाषेत हुंगलं त्या भाषेत लिहा.

गेल्या बैठकीत मी हे मांडलं. एक मित्र चिडला. "इथंही भाषेचा झेंडा आणलास?" म्हणत लवकर निघून गेला, आणि अजून त्याचा फोन नाही. त्याचं मला वाईट वाटतं. बाकीच्यांनी थट्टेनं का होईना, करून पाहिलं. बंगाली मित्र एका गोडसर व्हिस्कीला 'नोलेन गूळ' म्हणाला. म्हणजे काय, हे विचारल्यावर हिवाळ्यातल्या खजुरीच्या रसावर तो अर्धा तास बोलला. मल्याळी मित्राला धुरकट ग्लासात कुडमपुळी सापडली, धुरावर वाळवतात ती आंबट फळं. कन्नड मित्रानं डोळे मिटले आणि म्हणाला, "आमच्या गावचं बच्चलुमने. हंड्याखालची चूल." मी त्याला आईचा बंब सांगितला. त्याच्या न्हाणीघरात आणि आमच्या न्हाणीघरात एकच धूर होता. आठ वर्षं शेजारी बसून पीत होतो, आणि हे आम्हाला माहीत नव्हतं.

वही मी फेकली नाही. जुनी पानं तशीच आहेत, लाज म्हणून. नव्या पानावर पहिली नोंद आईच्या नावानं आहे: बंबाचा धूर, धुतलेली मोरी, मागाहून किंचित गूळ. शेवटचे दोन शब्द माझे.