फलकावरील छायाचित्राचे मोल

गेल्या उन्हाळ्यात जालन्यात एका क्रीडा प्रशिक्षण केंद्राचा भलामोठा फलक लागला होता. त्यावर आमच्या आप्तांपैकी एका मुलीचे छायाचित्र होते. मुलगी पदवीच्या द्वितीय वर्षाला, विद्यापीठाच्या खो-खो संघात नुकतीच निवड झालेली. त्या केंद्रात ती गेली होती अवघे पंधरा दिवस, तेही शुल्क भरून. वडिलांना आनंद झाला. फलकासमोर उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मुलगी मात्र गप्प होती. "काका, मला कोणी विचारलं का?" एवढेच ती मला म्हणाली. आयुष्यभर बँकेत सही जुळल्याखेरीज एक रुपयाही न सोडणारा मी तिला म्हणालो, "अगं, फुकट प्रसिद्धी होतेय, होऊ दे." उत्तर चुकले, हे घरी पोहोचेपर्यंत ध्यानात आले.

हाच प्रश्न अमेरिकेत एड ओबॅनन या माजी महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूने उपस्थित केला होता. एका व्हिडिओ गेममध्ये त्याला हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला. पैसा मात्र इतरांच्या खिशात जात होता. 2009 मध्ये तो न्यायालयात गेला. तेथे महाविद्यालयीन खेळाडूने स्वतःच्या नावावर कमाई करण्यासच बंदी होती. ती 1 जुलै 2021 पासून उठली, आणि जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर आता महाविद्यालये खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ शकतात.

आपल्याकडे अशी बंदी कधी नव्हती. आपली अडचण निराळी. येथे कोणी विचारतच नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला पृथ्वी शॉ याने पहिल्याच कसोटीत 134 धावा काढल्या, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. काही कंपन्यांनी अभिनंदनाच्या निमित्ताने त्याच्या नावावर आपली जाहिरात करून घेतली. त्याचे व्यावसायिक काम पाहणाऱ्या संस्थेने त्यांना नोटिसा धाडल्या. पण खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या पाठीशी अशी संस्था कोठून असणार?

कायदा शोधू लागलो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी अर्जावर घेऊन ठेवलेली सही चालणार नाही. त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला, हेही छापावे लागते. उत्तम नियम! मात्र 'शिकवणी' या शब्दाच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाट्य हे सारे वगळले आहे. म्हणजे गुणवत्ता यादीतल्या मुलाचा चेहरा राखला गेला, मैदानावरच्या मुलीचा उघड्यावर राहिला. नियमात नाही म्हणून न दिलेले घ्यावे काय? अदत्तादान हा शब्द वाचकांस नव्याने सांगायला नको.

पालकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने निरर्थक ठरतो. तोवर सही पालकाची, म्हणून कागद वाचण्याची जबाबदारीही पालकाचीच. छायाचित्र कोठे, किती काळ आणि कशासाठी वापरणार, हे त्यात लिहून घ्यावे. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला तर लेखणी खाली ठेवावी. दुसरे म्हणजे, अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते, परंतु स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेला पैसा त्याला अपवाद आहे. तो मुलाचाच. निदान आयकर कायद्याने तरी हे ओळखले आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे गेलो आणि आधी माझे शब्द मागे घेतले. मग पत्राचा मसुदा केला: छायाचित्र काढावे, अथवा पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेतल्याचे स्पष्ट छापून मोबदल्याविषयी बोलावे. वडील नाराज होते. "गावात वाईटपणा कशाला?" असे त्यांचे म्हणणे. सही तिने केली.

चार दिवसांनी केंद्राच्या संचालकांचा फोन आला, तो वडिलांना. थोडा वेळ ऐकून घेतल्यावर वडिलांनी त्यांना मुलीचा क्रमांक दिला.