गॉगलची काच : मूळ की पर्यायी?

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतो. सासनकाठ्यांची टोके न्याहाळण्यासाठी माना आभाळाकडे वळलेल्या असतात आणि ऊन थेट डोळ्यांत उतरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवरच्या जोतिबाच्या आवारात अशा वेळी गॉगल असणे शहाणपणाचेच. मात्र दर्शन आटोपल्यावर त्याच गॉगलवरचा गुलाल सदऱ्याच्या टोकाने कोरडाच पुसला जातो. गुलालात धूळ मिसळलेली असते आणि धुळीतले वाळूचे कण काचेवर ओरखड्यांचे जाळे विणतात. वास्तविक आधी गॉगल वाहत्या पाण्याखाली धरावा, मग मऊ फडक्याने टिपावा; पण एवढा धीर यात्रेत कोणाला असतो?

फ्रेम सुस्थितीत आणि काच निकामी, अशी अवस्था झाली की दोन मार्ग उरतात. मूळ कंपनीची काच मागवावी, किंवा चष्मेवाल्याकडून दुसरी बसवून घ्यावी. (आपण ‘काच’ म्हणत असलो तरी ती आज बहुधा पॉलिकार्बोनेटसारखे प्लॅस्टिकच असते.) मूळ काच महाग पडते आणि सगळ्याच कंपन्या ती सुटी विकत नाहीत. पर्यायी काच स्वस्त. परंतु ‘पर्यायी’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक, स्वतःच्या नावाने काच बनवून तिचे गुणधर्म लेखी सांगणाऱ्या उत्पादकाची. अमेरिकेतील रेव्हंटसारख्या कंपन्यांनी यावरच आपला व्यवसाय उभारला आहे. दुसरी, कोपऱ्यात नामांकित कंपनीचे चिन्ह कोरलेली नक्कल. पहिली विचारात घ्यावी. दुसरी घेणे म्हणजे बनावट सहीच्या हमीपत्रावर कर्ज देणे होय.

काचेचे मुख्य काम काळोख करणे नसून अतिनील किरण अडविणे हे आहे. ‘यूव्ही ४००’ या खुणेचा अर्थ ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे किरण रोखले जातात, असा. रंगाच्या गडदपणाशी या गुणाचा संबंध नाही. काच गडद असली की बाहुली विस्फारते. तीच काच अतिनील किरण अडवीत नसेल, तर विस्फारलेल्या बाहुलीतून ते अधिक प्रमाणात आत शिरतात. मोतीबिंदूच्या कारणांमध्ये या किरणांची गणना होते. म्हणून निकृष्ट गडद काचेपेक्षा उघडा डोळा बरा, असे म्हणण्याची पाळी येते. पॉलिकार्बोनेट स्वभावतःच बहुतांश अतिनील किरण थोपविते. मात्र दुकानात जे दिले जाते ते पॉलिकार्बोनेटच आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे यूव्ही मोजण्याचे लहान यंत्र असते. काच बसविण्यापूर्वी तिच्याखाली धरावयास सांगण्यात संकोच कसला?

गडदपणाचीही प्रतवारी आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि आपल्या उन्हास ती पुरेशी होते. चौथ्या श्रेणीची काच ३ ते ८ टक्केच सोडते. ती वाहन चालविताना वापरू नये. जोतिबाचा घाट दुचाकीने उतरणाऱ्याने हा आकडा अवश्य विचारावा.

काटकसरीपोटी होणारी सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे : ओरखडा एकाच काचेवर आहे, म्हणून एकच काच बदलणे. दोन काचांच्या गडदपणात फरक पडला की अधिक गडद काचेमागच्या डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. परिणामी आडव्या दिशेने सरकणारी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा दूर भासते. सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरतो आहे असे वाटते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुल्फरिख याने १९२२ साली याचे विवेचन केले. तो स्वतः एका डोळ्याने अंध होता, त्यामुळे ज्या आभासाला त्याचे नाव मिळाले तो त्याला अनुभवता येत नव्हता! चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाचे अंतर चुकले, तर वाचलेल्या शे-दोनशे रुपयांची किंमत कळते. सबब काचा जोडीनेच बदलाव्यात, मग त्या मूळ असोत वा पर्यायी.

नव्या काचांची परीक्षा दुकानातच करावी. बिनानंबरचा गॉगल हातभर अंतरावर धरून त्यातून दाराच्या चौकटीची सरळ कड पाहावी व गॉगल सावकाश हलवावा. कड वाकली, लहरली, तर काच परत करावी. अशा काचेने डोके दुखू लागते आणि दोष उन्हाला दिला जातो. काच पोलराइज्ड असल्याचा दावा असेल, तर तीतून मोबाइलचा पडदा पाहत गॉगल फिरवावा. ठरावीक कोनात पडदा काळवंडतो आणि दोन्ही काचांत तो एकाच कोनात काळवंडावयास हवा. येथे पर्यायी काचा बसविणाऱ्याचा हात अनेकदा चुकतो.

साध्या, सपाट धातूच्या फ्रेमला खात्रीच्या उत्पादकाची पर्यायी काच घेण्यास हरकत नाही. तेथे मूळ काचेचा जादा पैसा बहुतांशी नावाचा असतो. चेहऱ्याभोवती वळणाऱ्या फ्रेमचे तसे नाही. तिच्या काचेचा बाक आणि जाडी फ्रेमच्या हिशेबाने ठरविलेली असते. अदमासाने कापलेली काच खाचेत बसली तरी नजरेस बसत नाही. तेथे मूळ काचच घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर त्या फ्रेमचा मोह सोडावा. कोणतीही काच घेतली तरी पावतीवर केवळ ‘गॉगल ग्लास’ असे लिहून न घेता उत्पादकाचे नाव, यूव्ही ४०० आणि श्रेणी, या तिन्ही गोष्टी नमूद करून घ्याव्यात. दुकानदार लिहून देण्यास कां-कूं करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे.