‘मला काही होत नाही’ हा भरवसा नको

नवरा एचआयव्हीबाधित, लग्नाला आठ-दहा वर्षे झालेली, आणि बायकोच्या रक्ताचा अहवाल मात्र निगेटिव्ह. असे जोडपे आढळले की कोणी अहवालच खोटा ठरवतो, तर कोणी म्हणतो, ‘बाईच्या अंगातच प्रतिकारशक्ती आहे, तिला काही होत नाही.’ यातील दुसऱ्या समजुतीविषयी मला आज स्पष्ट लिहायचे आहे, कारण ती जिवावर बेतू शकते.

समजुतीत थोडे तथ्य जरूर आहे. त्वचा, शरीरातील नाजूक अस्तरे आणि काही पांढऱ्या पेशी जंतूंची आधी ओळख नसतानाही त्यांच्याशी झुंजतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती होय. एचआयव्हीचे पुष्कळसे विषाणू येथेच अडतात. म्हणूनच बाधित पुरुषाकडून स्त्रीला एका शरीरसंबंधात लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात एकाच्या आसपास मानतात. पण गुप्तरोगाचे व्रण असतील किंवा नवऱ्याची बाधा ताजी असेल, तर ती कित्येक पट वाढते. शिवाय संसार काही एका दिवसाचा नसतो. आजवर वाचलेली बाई उद्या वाचेलच असे नाही.

खरी उपजत प्रतिकारक्षमता फार विरळा. पेशीत शिरताना हा विषाणू ‘सीसीआर-५’ नावाच्या दाराचा उपयोग करतो. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर हे दारच तयार होत नाही. १९९६ साली हा शोध लागला. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात एखादाच असा असतो. भारतीयांत जवळजवळ नाहीच. आणि अशा व्यक्तींनाही दुसऱ्या दाराने शिरणाऱ्या विषाणूची बाधा झालेली आहे. केनियातील नैरोबी येथे देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रिया वर्षानुवर्षे बाधेपासून दूर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे त्यांतल्याही काहींना लागण झालीच.

मग भरवसा कशाचा धरावा? याचे उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. बाधिताला लवकर औषधे सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ साली दिसून आले. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली आले व तसेच टिकले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. २०१७ पासून आपल्या देशात प्रत्येक बाधिताला निदान होताच ही औषधे मोफत देण्याचे धोरण आहे.

माझे मत असे की, निगेटिव्ह अहवाल हे अभयपत्र नव्हे, ती सावध होण्याची संधी आहे. नवऱ्याने गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत, विषाणू आटोक्यात येईपर्यंत निरोध वापरावा. पत्नीने दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी व सल्ला मोफत मिळतो, नाव गुप्त राहते. तिथवर जाण्याचा संकोच वाटत असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या अहवालाची चर्चा थांबवावी. त्या चर्चेच्या भीतीनेच पुष्कळजणी पुढची तपासणी टाळतात.