एका धावेची आघाडी

येत्या बुधवारी, १५ ऑक्टोबर २०२५ ला, महाराष्ट्राचा रणजी संघ हंगामातला पहिला सामना खेळायला तिरुअनंतपुरमला उतरतोय, आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लोणंदमध्ये ही गोष्ट कुणाच्या खिजगणतीतही नाही. या आठवड्यात मला राग आला तो याचा. चार वर्तमानपत्रं चाळली. दिल्लीची वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी पानभर. ऑस्ट्रेलिया दौऱ्याला कोण जाणार आणि कोण नाही, यावर अर्धं पान. महिलांच्या विश्वचषकाला चांगली जागा होती आणि ती हवीच, कारण तिथे आपल्या सांगलीची स्मृती मानधना खेळतेय. महाराष्ट्राचा संघ मात्र पानाच्या तळाशी, जाहिरातीच्या डोक्यावर, चार ओळींत उरकलेला. ऑक्टोबर आला की मी रणजीवर लिहितो हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदाही लिहितोय आणि जरा चिडूनच लिहितोय.

आधी बातमी सांगून टाकतो. सामना १५ ते १८ ऑक्टोबर, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी तिसरा दिवस आणि धनत्रयोदशीला शेवटचा. समोर केरळ, गेल्या हंगामाचा उपविजेता. आपला कर्णधार अंकित बावणे. ऋतुराज गायकवाड आहे. मुंबई सोडून पृथ्वी शॉ आपल्याकडे आलाय. जलज सक्सेनाही आलाय, आणि तोही केरळकडूनच. रणजीत ६००० धावा आणि ४०० बळी अशी दुहेरी मजल मारणारा तो पहिला खेळाडू, तरी भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही. बुधवारी तो आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध उतरेल. गटात पुढे कर्नाटक, मध्य प्रदेश, सौराष्ट्र, पंजाब, गोवा आणि चंडीगड आहेत. आठ संघांतले पहिले दोनच बाद फेरीत जाणार.

परवा बाजारतळाजवळच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. शेजारी विशीतला एक पोरगा मोबाईलवर क्रिकेटच्या रील बघत होता. बोलण्यावरून समजलं की हळवा कांदा घेऊन बाजार समितीत आला होता आणि लिलाव व्हायचा होता. मी त्याला विचारलं, ‘‘ऋतुराज कुठल्या टीमचा रे?’’

‘‘सीएसकेचा की. कॅप्टन हाय.’’

‘‘आणि रणजीला?’’

त्याने मान वर केली. ‘‘रणजीला मुंबईकडनं आसंल. महाराष्ट्राची येगळी टीम आसती व्हय, काका?’’

पोराचा मला राग आला नाही. त्याला आयपीएलमधल्या दहाही संघांचे खेळाडू तोंडपाठ होते, कोण किती कोटींना गेला हेसुद्धा. याचा अर्थ त्याला गोडी आहे, ध्यान आहे, स्मरणशक्तीही आहे. फक्त स्वतःच्या संघाचं नाव त्याच्या कानावर कुणी घातलेलं नाही. लोणंद सोडून नीरा नदीवरचा पूल ओलांडला की पुरंदर तालुका लागतो. त्याच तालुक्यातलं पारगाव मेमाणे हे ऋतुराजचं मूळ गाव. इतक्या जवळचा माणूस आपल्या पोरांना चेन्नईचा म्हणून माहीत असावा, याचं वाईट वाटतं.

आपल्या राज्याचे रणजीत तीन संघ आहेत. मुंबईची ४२ विजेतेपदं. विदर्भाची ३, आणि गतविजेतेही तेच. महाराष्ट्राची २, तीही १९३९-४० आणि १९४०-४१ ची. त्यानंतर ८४ वर्षं चषक आलेला नाही. शेवटची अंतिम फेरी २०१३-१४ ची. त्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावांचा रतीब घातला, वानखेडेवर जाऊन आपण मुंबईला हरवलं आणि हैदराबादला कर्नाटकापुढे हरलो. मुंबईला तिचं शहर आहे, विदर्भाला नागपूर आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव एवढा मुलूख ज्याच्या पाठीशी, त्या संघाचं मात्र गावोगावी कुणाला सोयरसुतक नाही.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पण काका, चार दिस खेळून मॅच ड्रॉ झाली, तर उपेग काय?’’

खरं म्हणजे मला यंदाच्या संघावर लिहायचं होतं. पण या प्रश्नाचं उत्तर नीट दिल्याशिवाय रणजी कुणाला आवडणार नाही, म्हणून तेच लिहितो.

सामना जिंकला तर ६ गुण. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकला तर आणखी १. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला ३ आणि दुसऱ्याला १. बाद फेरीत तर पहिल्या डावाची आघाडी घेणारा सरळ पुढे जातो. म्हणून रणजीत ड्रॉ म्हणजे बरोबरी नव्हे. खरी झुंज बहुतेक वेळा पहिल्या डावातच लागते आणि ती एका धावेवर येऊन ठेपू शकते.

ठेपलीही आहे, आणि ती पुण्याजवळच्या आपल्याच गहुंज्याच्या मैदानावर. गेल्या फेब्रुवारीत तिथे केरळ आणि जम्मू-काश्मीर यांची उपांत्यपूर्व फेरी होती. जम्मू-काश्मीरच्या २८०. केरळ ९ बाद २००. सामना हातातून गेल्यातच जमा होता. एका टोकाला सलमान निझार, दुसऱ्या टोकाला शेवटचा गडी बासिल थंपी. थंपीने १५ केल्या, पण तो टिकला, आणि निझारने एकेक धाव गोळा करत शतक गाठलं. ८१ धावांची भागीदारी झाली आणि केरळचा डाव संपला २८१ वर. आघाडी एका धावेची. दुसऱ्या डावात केरळने सामना वाचवला आणि त्या एका धावेवर ते उपांत्य फेरीत गेले.

तिथे गुजरातविरुद्ध केरळच्या ४५७ धावा, त्यात यष्टिरक्षक महंमद अझरुद्दीनच्या नाबाद १७७. गुजरातही ४५५ पर्यंत आला, नऊ गडी बाद. तीन धावा केल्या की अंतिम फेरी. अर्झन नागवासवालाने आदित्य सरवटेचा चेंडू जीव खाऊन मारला. शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या निझारच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तिथून हवेत उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. गुजरात सर्वबाद. आघाडी दोन धावांची. केरळ इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत. पुढे नागपूरला विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२, सामना अनिर्णित, आणि चषक विदर्भाला. ज्या नियमाने केरळला दोनदा तारलं, त्यानेच शेवटी अडवलं. हेल्मेटचा प्रसंग सांगत होतो तेव्हा सलूनवाल्याचाही वस्तरा थांबला होता, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक फेस तसाच ठेवून आरशातून माझ्याकडे बघत होतं.

आघाडीचा हा खेळ आपला संघही पूर्वी खेळलेला आहे. १९४० साली पुण्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या ६७५ आणि मुंबईच्या ६५०. साडेसहाशे धावा करून मुंबई बाहेर गेली, पंचवीस धावांनी! आपले कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस त्या डावात २४६ धावा करून गेला. त्याच्या आदल्या हंगामात, म्हणजे पहिल्या विजेतेपदाच्या वर्षी, सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी महाराष्ट्रासाठी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या होत्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. पुढे हजारे बडोद्याकडून खेळू लागले. देवधर चषक आणि विजय हजारे चषक या देशातल्या दोन मोठ्या स्पर्धा. ज्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात ते दोघंही एकाच वेळी आपल्या संघात होते, हे किती शाळांतून सांगितलं जातं?

आणि भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर संपला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६, त्यात कमल भांडारकरांच्या २०५ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी डाव घोषित करा म्हणून हट्ट धरला आणि शेवटी सामनाच सोडून दिला. संघ निघून गेला. निंबाळकर ४४३ वर राहिले ते कायमचे. पुढे ब्रॅडमनला हनीफ मोहम्मदने ४९९ करून मागे टाकलं आणि हनीफला ब्रायन लाराने. लाराच्या नाबाद ५०१ इंग्लंडच्या काउंटीतल्या, वॉरविकशायरकडून. त्या काउंटीचं नाव क्रिकेटवेड्या जगाला पाठ आहे. निंबाळकरांचा आकडा आजही भारतातला सर्वोच्च, आणि तो माणूस एकही कसोटी न खेळता २०१२ साली गेला.

म्हणून पृथ्वी शॉ आल्याचं मला मनापासून अप्रूप आहे. रणजीतली दुसरी सर्वांत मोठी खेळी त्याची, आसामविरुद्धच्या ३७९, २०२३ च्या जानेवारीतल्या. पहिली निंबाळकरांची. ज्या संघाकडून ४४३ झाल्या, त्याच संघात आता ३७९ करणारा आलाय. त्याच्याबद्दल नको ते बरंच बोललं गेलं. मला त्यात रस नाही. गेल्या मंगळवारी गहुंज्यात सराव सामन्यात त्याने मुंबईविरुद्धच १८१ केल्या, आणि सोबतीला आपला अर्शीन कुलकर्णी १८६ वर होता. हा जोडा जमला तर आपल्या हंगामाचा रंग पालटेल.

क्रिकेट संघटनेकडे माझं एकच मागणं आहे. सामने गावाकडे आणा. २०२४ च्या जानेवारीत सोलापूरला रणजी झाली, यंदाच्या जानेवारीत नाशिकला बडोद्याविरुद्ध झाली. म्हणजे करता येतं. मग एक सामना सांगलीला का नको? हजाऱ्यांचं गाव, स्मृतीचं गाव. एक साताऱ्याला का नको? गहुंजे द्रुतगती मार्गाला लागून आहे, मोटार असलेल्यांना सोयीचं आहे. लोणंदच्या पोराला तिथे जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि खिसाही. तोच सामना साताऱ्याला असला तर तो कांदा विकून एसटीने दुपारपर्यंत पोचेल आणि ऋतुराजला महाराष्ट्राच्या टोपीत बघेल. टोपी डोळ्यांनी पाहिली की कुणी सांगावं लागत नाही.

वर्तमानपत्रांकडेही तेवढंच मागणं आहे. चार दिवस रोज धावफलक छापा, पूर्ण. कुणाच्या किती धावा, कुणाचे किती बळी. बाकी आम्ही वाचून समजून घेऊ.

आता बुधवारचं. केरळात ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, खेळ वाया जाण्याचा संभव आहे आणि चारही दिवस पुरे मिळाले नाहीत तर सगळं पहिल्या डावावर येईल. बावणेने शेवटच्या जोडीलाही बजावून ठेवावं की दहा-पंधरा धावांची किंमत मोठी आहे. गहुंज्यात थंपीच्या पंधरा धावांनी काय केलं, ते केरळला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सहा गुण मिळाले तर आनंदच आहे. पण परक्या मैदानावरून, उपविजेत्यांकडून, पहिल्याच सामन्यात तीन गुण घेऊन संघ दिवाळीला घरी आला, तर मी ती चांगली सुरुवात मानेन. आघाडी मग एका धावेची का असेना.